गाडीचे स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल घरी बदलताना

बीडहून अंबाजोगाईला निघालेली आमची तीन सिलिंडरची पेट्रोल गाडी मांजरसुंब्याच्या घाटात पहिल्यांदा अडखळली. सपाट रस्त्यावर तिची काहीच तक्रार नव्हती. पण मागे आई आणि मावशी, डिकीत ज्वारीचे पोते, एसी चालू आणि समोर बालाघाटाचा चढ अशी स्थिती आली, की ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी जोर धरण्याऐवजी झटके घेऊ लागे. एसी बंद करून गिअर खाली घेतला की झटके थांबत. घरी पोहोचलो तेव्हा चेक इंजिनचा पिवळा दिवा लागलेला होता. गॅरेजच्या भाषेत याला ‘गाडी मिसिंग करते’, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन वेळेवर पेटत नाही, असे म्हणतात, आणि पेट्रोल गाडीत याचे मूळ बहुधा ठिणगी पाडून इंधन पेटवणाऱ्या स्पार्क प्लगमध्ये किंवा प्लगच्या डोक्यावर बसवलेल्या, त्या ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणाऱ्या इग्निशन कॉइलमध्ये सापडते.

हे दोन्ही भाग घरच्या अंगणात, मोजक्या हत्यारांनी बदलता येतात. या कामात न भरून येणारे नुकसान मात्र एकाच ठिकाणी होऊ शकते, आणि ते म्हणजे सिलिंडर हेडमधले, म्हणजे प्लग ज्यात बसतात त्या इंजिनाच्या वरच्या भागातले, ॲल्युमिनियमचे आटे. कॉइल चुकीची आली तर बदलून आणता येते, प्लग हातातून पडला तर दुसरा घेता येतो. पण प्लग तिरका घुसवून हेडचे आटे गेले, तर नव्या आट्यांसाठी तिथे तारेची स्प्रिंग बसवावी लागते आणि कधी कधी त्यासाठी अख्खे हेड उतरवावे लागते. माझ्या मामेभावाच्या गाडीचे असेच झाले. घाईत असलेल्या एका कारागिराने प्लग सरळ रॅचेटला लावून फिरवला, आणि तीनशे रुपयांच्या प्लगपायी गाडी आठ दिवस उभी राहिली. म्हणून पुढे मी आट्यांविषयी जितके सविस्तर लिहिले आहे, तितके दुसऱ्या कशाविषयी लिहिलेले नाही.

आधी एक स्पष्ट करतो. हे सारे पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांविषयी आहे. डिझेल इंजिनात इंधन दाबाने तापलेल्या हवेत पेटते, त्यामुळे तिथे स्पार्क प्लग नसतात. तिथले ग्लो प्लग हा वेगळा भाग असून त्यांचे काम थंड इंजिन चालू होण्यापुरते असते.

दोष चढावरच का दिसतो

बॅटरीचा दाब १२ व्होल्टचा असतो. कॉइलमध्ये तारेची दोन वेटोळी असतात. गाडीचा संगणक पहिल्या वेटोळ्यातला प्रवाह एकदम तोडतो आणि त्या क्षणी दुसऱ्या, बारीक तारेच्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट निर्माण होतात. चांगली कॉइल २० ते ४० हजार व्होल्टपर्यंत जाऊ शकते. हा दाब प्लगच्या दोन टोकांमधले, साधारण ०.७ ते १.१ मिलिमीटरचे अंतर ओलांडून ठिणगी पाडतो. सिलिंडरमध्ये वायूचा दाब जितका जास्त, तितके हे अंतर ओलांडायला अधिक व्होल्टेज लागते. सपाट रस्त्यावर ॲक्सिलरेटर हलका असताना सिलिंडरमध्ये हवा कमी भरते आणि अशक्त ठिणगीही निभावून नेते. घाटात पाय पूर्ण दाबला की दाब वाढतो आणि तीच ठिणगी पडेनाशी होते.

प्रत्येक ठिणगीबरोबर प्लगचे टोक किंचित झिजते आणि अंतर वाढत जाते. अंतर वाढले की कॉइलला दर वेळी अधिक ताण सोसावा लागतो, ती अधिक तापते, आणि एके दिवशी तिचे आतले आवरण फुटते. झिजलेला प्लग असा हळूहळू कॉइललाही खातो, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. कॉइल गेल्यावर नुसती कॉइल बदलून जुने प्लग तसेच ठेवणारे लोक वर्षभरात पुन्हा कॉइल विकत घेतात ते यामुळेच. सीएनजीचे मिश्रण पेटायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते, म्हणून सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत ही झीज लवकर जाणवते.

साधे निकेलचे प्लग साधारण २० ते ४० हजार किलोमीटर चालतात, तर इरिडियम किंवा प्लॅटिनमचे एक लाखाच्या आसपास जातात. तरीही आपल्या गाडीच्या माहितीपुस्तकातला आकडाच अंतिम मानावा.

बदलण्याआधी दोषी कोण ते ठरवावे

प्लग मुदत संपली की सगळे एकत्र बदलावेत, याविषयी माझ्या मनात शंका नाही. कॉइलचे तसे नाही. कॉइल महाग असते आणि तिला ठरावीक मुदत नसते; त्यामुळे जी गेली आहे ती शोधून तेवढीच बदलणे मला योग्य वाटते. गाडी दीड-दोन लाख किलोमीटर चाललेली असेल आणि एकामागोमाग एक दोन कॉइल गेल्या असतील, तरच उरलेल्याही बदलण्याचा विचार करावा.

दोषी कॉइल ओळखण्याची रीत सोपी आहे. स्टीअरिंगखाली डॅशबोर्डच्या आत एक सोळा पिनांचे सॉकेट असते. त्यात ब्लूटूथचा छोटा स्कॅनर लावून मोबाईलवर दोषाचा क्रमांक वाचता येतो. ‘पी ०३००’ म्हणजे मिसिंग होते आहे, पण एका ठरावीक सिलिंडरमध्ये नाही. ‘पी ०३०१’, ‘पी ०३०२’ अशा क्रमांकांतला शेवटचा आकडा सिलिंडर दाखवतो. ‘पी ०३५१’पासूनचे क्रमांक कॉइलच्या वायरिंगकडे किंवा कॉइलच्या पहिल्या वेटोळ्याकडे बोट दाखवतात. समजा, ‘पी ०३०२’ आला. इंजिन बंद करून दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावावी, क्रमांक पुसावा आणि तोच चढ पुन्हा चढून पाहावा. आता ‘पी ०३०३’ आला तर कॉइल दोषी आहे, कारण दोष तिच्यामागे गेला. ‘पी ०३०२’च राहिला तर तसाच फेरबदल प्लगचा करावा. त्यानंतरही दोष जागचा हलला नाही, तर पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते तो दाब) तपासावे लागते आणि ते काम गॅरेजचे आहे.

चेक इंजिनचा दिवा उघडमीट करू लागला तर मात्र अशा चाचण्या करीत फिरू नये. त्याचा अर्थ न जळलेले पेट्रोल धुराड्याकडे जात आहे आणि तिथला, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून निकामी होऊ शकतो. गाडी सावकाश बाजूला घ्यावी.

जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत चालू इंजिनवर प्लगची वायर उपसून सिलिंडर तपासण्याची पद्धत होती. आजच्या गाडीत चालू इंजिनवरून कॉइल कधीही उपसू नये. त्यात विजेचा जबर धक्का बसू शकतो आणि ठिणगीला वाट न मिळाल्याने कॉइल व संगणक दोन्ही बिघडू शकतात.

सामान

प्लग विकत घेताना त्यावरचा क्रमांक माहितीपुस्तकाशी अक्षर न् अक्षर जुळवावा. उदाहरणार्थ, एनजीके या कंपनीच्या ‘बीकेआर ६ ई-११’ या क्रमांकात ‘बीके’ म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे आणि १६ मिलिमीटरचा षट्कोन, ‘आर’ म्हणजे रेडिओत खरखर होऊ न देणारा रेझिस्टर, ‘६’ ही उष्णतेची श्रेणी (प्लग आपली उष्णता किती लवकर सोडतो ते), ‘ई’ म्हणजे १९ मिलिमीटर लांबीचे आटे आणि ‘११’ म्हणजे १.१ मिलिमीटरचे अंतर. आटे लांब असलेला प्लग चुकून बसवला तर पिस्टन त्यावर आदळू शकतो, इतके त्या एका अक्षराला महत्त्व आहे. उष्णतेच्या श्रेणीतही एक फसगत होते: एनजीके आणि डेन्सो या कंपन्यांमध्ये मोठा आकडा थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा प्लग दाखवतो, तर बॉशमध्ये मोठा आकडा गरम प्लग दाखवतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो म्हणून मुद्दाम वेगळ्या श्रेणीचा प्लग बसवण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो मानू नये. इंजिनाचे तापमान रेडिएटर सांभाळतो.

तालुक्याच्या दुकानात इरिडियम प्लग लगेच मिळेलच असे नाही. अशा वेळी ‘हाही चालतो’ म्हणून दिलेला प्लग घेण्यापेक्षा लातूर, नांदेड, जालना किंवा संभाजीनगरच्या अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर मागवावा आणि दोन दिवस थांबावे. प्लग आणि कॉइल या दोन्हींच्या नकला बाजारात आहेत.

हत्यारांत आतून रबर किंवा चुंबक असलेला प्लगचा गोटी पाना, रॅचेट, लांब एक्स्टेन्शन, कॉइलच्या बोल्टसाठी बहुधा १० मिलिमीटरचा गोटी पाना, फिलर गेज (बारीक अंतर मोजायच्या पातळ पट्ट्या), सिलिकॉनचे डायइलेक्ट्रिक, म्हणजे वीज वाहू न देणारे ग्रीस आणि फूटभर लांबीची रबरी पेट्रोल नळी एवढे लागते. टॉर्क रेंच, म्हणजे मोजून पीळ देणारा पाना, शक्यतो मिळवावा; शेजारच्या गॅरेजवाल्यांकडून तासाभरासाठी मागून आणला तरी चालेल. नळीचे काम पुढे कळेल.

प्रत्यक्ष काम

इंजिन पूर्ण थंड हवे. गरम हेडमधून प्लग काढताना मऊ झालेले आटे ओरबाडले जाण्याचा संभव असतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी उभ्या केलेल्या गाडीचे इंजिन संध्याकाळपर्यंत कोमट असते, म्हणून रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी सहा-सातला कामाला लागणे सर्वांत बरे. वारा सुटण्याआधी काम उरकते, हा दुसरा फायदा. काळ्या मातीची धूळ आणि ऊस-कापसाच्या हंगामातला रस्त्यावरचा फुफाटा इंजिनावर किती साचतो, हे बोनट उघडल्याखेरीज लक्षात येत नाही.

किल्ली काढून बॅटरीची ऋण तार सोडवावी. वरचे प्लास्टिकचे झाकण बहुतेक गाड्यांत रबरी गुटक्यांवर बसवलेले असते आणि सरळ वर उचलल्यावर निघते. काही गाड्यांत हवेचा पाइपही काढावा लागतो. कॉइल इनटेक मॅनिफोल्डखाली, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांखाली, दडलेल्या असतील, तर ते काम पहिल्या प्रयत्नात घरी करू नये.

आता इंजिनाचा वरचा भाग कोरड्या फडक्याने पुसावा आणि कॉइलभोवती हवा मारावी. कंप्रेसर नसला तर सायकलचा पंप पुरतो. डोळ्यांवर चष्मा असावा. यानंतर एका वेळी एकच सिलिंडर हाताळावा, म्हणजे बाकीची भोके झाकलेली राहतात आणि कॉइलची अदलाबदलही होत नाही.

कॉइलचा कनेक्टर वर्षानुवर्षे उष्णतेत राहून ठिसूळ झालेला असतो. आधी तो किंचित आत ढकलावा, मग त्याची जीभ दाबून धरावी आणि प्लास्टिकला धरून मागे ओढावा. तारांना धरून ओढू नये. बोल्ट काढल्यावर कॉइल डावीकडे-उजवीकडे थोडी फिरवून तिची पकड सैल करावी आणि सरळ वर उचलावी. तिच्या रबरी नळीच्या आतल्या बाजूस काळी, केसासारखी वाकडीतिकडी रेघ दिसली, तर ठिणगी प्लगच्या टोकाऐवजी तिथून निसटत होती असे समजावे. ती रबरी नळी आणि तो प्लग दोन्ही बदलावेत, कारण एकावरची रेघ दुसऱ्यावर पुन्हा उमटते. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर, लोखंडी भागाच्या लगेच वर दिसणारे तपकिरी वलय मात्र निरुपद्रवी असते. पुष्कळजण ते गळतीचे चिन्ह समजतात.

कॉइल निघाल्यावर उरलेल्या खोल विहिरीत टॉर्च मारून पाहावे. तळाशी तेल असेल तर टॅपेट कव्हरचे (इंजिनाच्या वरच्या झाकणाचे) रबर गेले आहे; ते बदलल्याशिवाय नवी कॉइलही त्या तेलात भिजून फुगेल. तळाशी धूळ किंवा खडे असतील तर पुन्हा हवा मारावी. मग प्लग फक्त पाव फेरा सैल करावा, आट्यांजवळ अडकलेली माती सुटते म्हणून तिसऱ्यांदा हवा मारावी आणि त्यानंतरच तो पूर्ण बाहेर काढावा. ज्वारीच्या दाण्याएवढा खडाही सिलिंडरमध्ये पडला तर तो पिस्टन आणि व्हॉल्व्हला ओरखडत राहतो.

प्लग अडून बसला तर जोर लावू नये. गंज सोडवणाऱ्या तेलाचे चार थेंब सोडून अर्धा तास थांबावे, मग थोडा सैल, थोडा घट्ट, पुन्हा थोडा अधिक सैल अशा हालचालींनी तो हळूहळू बाहेर घ्यावा. तरीही कुरकुर करीत अडत असेल तर तिथेच थांबून जाणत्या कारागिराला बोलवावे.

जुना प्लग काय सांगतो

निघालेले प्लग वर्तमानपत्रावर १, २, ३ असे आकडे लिहून त्याच क्रमाने ठेवावेत. टोकावर फिकट तपकिरी किंवा राखाडी रंग असेल तर इंजिन नीट जळते आहे. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. आपल्या भागात अशा वेळी प्रथम एअर फिल्टर काढून पाहावा, तो मातीने भरलेला असण्याचा संभव मोठा असतो. ओला, तेलकट काळेपणा म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल वर येते आहे. पांढरेफटक, फोड आलेले टोक इंजिन अति तापल्याचे किंवा मिश्रण फार विरळ असल्याचे लक्षण आहे. आमच्या गाडीचे तिन्ही प्लग रंगाने चांगले होते. पण फिलर गेज घातल्यावर ०.८ मिलिमीटरऐवजी जवळपास १.३ मिलिमीटर अंतर आढळले, आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलच्या नळीत ती केसासारखी रेघही होती. नुसत्या डोळ्यांना ते अंतर दिसले नसते.

नवा प्लग बसवणे

नव्या प्लगचे अंतर गेजने तपासावे. निकेलच्या प्लगमध्ये फरक असेल तर बाहेरची वाकडी दांडी अलगद वाकवून तो दुरुस्त करता येतो. इरिडियमचे टोक सुईसारखे बारीक असते आणि धक्क्याने तुटते, म्हणून त्याला गेज रेटू नये, तारेचा ब्रशही लावू नये. फरशीवर पडलेला प्लग वरून धड दिसला तरी वापरू नये; आतल्या चिनीमातीला गेलेला तडा दिसत नाही.

आता ती रबरी नळी घ्यावी. प्लगचे वरचे टोक तिच्यात खोचून प्लग विहिरीत सरळ सोडावा. आधी उलट्या दिशेने, म्हणजे डावीकडे, हळूच फिरवावे. आट्याचे तोंड आट्यावर येताच प्लग किंचित खाली बसल्याचे बोटांना जाणवते. तिथून उजवीकडे फिरवायला सुरुवात करावी. प्लग तिरका लागला तर नळी बोटांत घसरते आणि आटे वाचतात. पान्याला ती दया नसते. १९ मिलिमीटर लांबीच्या आणि सव्वा मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा प्लग तळाला टेकायला पंधराच्या आसपास फेरे लागतात. ते सगळे फेरे बोटांच्या जोरावर झाले पाहिजेत. दोन-तीन फेऱ्यांतच प्लग अडला तर तो बाहेर काढावा, आटे पुसावेत आणि पुन्हा सुरुवात करावी, मग त्यात सकाळ गेली तरी चालेल.

प्लग टेकल्यावरच पाना लावावा. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये वायसर असलेल्या १४ मिलिमीटरच्या प्लगला २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिलिमीटरच्या प्लगला १५ ते २० आणि १० मिलिमीटरच्या प्लगला १० ते १२ एवढाच पीळ लागतो. माहितीपुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो पाळावा. टॉर्क रेंच नसेल तर १४ मिलिमीटरचा नवा वायसरवाला प्लग हाताने टेकल्यानंतर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा पुरे. वायसर नसलेल्या, निमुळत्या बैठकीच्या प्लगला फेऱ्याचा सोळावा भागच द्यायचा असतो, तिथे अर्धा फेरा दिला तर तो पुढच्या वेळी निघणार नाही. प्लग सैल राहणेही वाईट असते. प्लगची उष्णता वायसर आणि आट्यांतून हेडमध्ये उतरते. पकड ढिली राहिली तर ती वाट बंद होऊन प्लग अति तापतो.

आट्यांना ग्रीस किंवा ऑइल लावण्याची सवय अनेकांना आहे. आजच्या मुलामा दिलेल्या प्लगला त्याची गरज नसते. उलट आटे बुळबुळीत झाल्याने तेवढ्याच पिळात प्लग जास्त आवळला जातो.

कॉइल परत बसवताना

कॉइलच्या रबरी नळीच्या तोंडाशी आतून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. त्याने ओल आत शिरत नाही आणि पुढच्या वेळी रबर प्लगला चिकटून फाटत नाही. नळीतली स्प्रिंग जागेवर आहे का ते पाहावे. कॉइल सरळ खाली दाबल्यावर ती प्लगवर बसल्याचा हलका ठोका हाताला जाणवतो. तिचा बोल्ट प्लास्टिकच्या कानातून जातो, म्हणून तो मनगटाच्या जोरानेच आवळावा. कनेक्टर ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत आत सारावा.

सगळे सिलिंडर झाल्यावर बॅटरीची तार जोडून गाडी चालू करावी. इंजिन थरथरले तर घाबरून प्लग पुन्हा काढू नयेत. आधी कनेक्टर एकेक करून दाबून पाहावेत, कारण अर्धवट बसलेला कनेक्टर हीच नेहमीची चूक असते. स्कॅनरने जुना क्रमांक पुसावा आणि ज्या चढावर दोष दिसला होता त्याच चढावर, तेवढ्याच ओझ्याने, एसी लावून गाडी न्यावी. आम्ही पुढच्या रविवारी मांजरसुंब्याला गेलो, आणि आईने घाट संपल्यावर विचारले, “अरे, घाट गेला का?”

बदललेल्या प्लगची तारीख आणि किलोमीटरचा आकडा मी बोनटच्या आतल्या बाजूस पट्टीवर लिहून ठेवतो. एखादी चालती जुनी कॉइल उरली असेल तर तीही कापडात गुंडाळून १० मिलिमीटरच्या पान्यासह डिकीत ठेवावी, म्हणजे केज ते नेकनूरच्या मध्ये रात्री कॉइल गेली तर दहा मिनिटांत गाडी पुढे निघते.